सोळाव्या टीवर मी मागे उभी होते

फोन आला तेव्हा मी करोल बागेत ब्लाउजपीसच्या रंगावरून दुकानदाराशी वाद घालत होते. तो म्हणे हाच मोरपंखी, मी म्हणे मोरपंखी मला शिकवू नकोस. तेवढ्यात रामफलचा फोन. रामफल म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, शिरीषचा, वीस वर्षांपासूनचा कॅडी. खेळाडूची बॅग सांभाळणारा, अंतरं सांगणारा, हरल्यावर शेजारी गप्प बसणारा माणूस. "दीदी, आप नोएडा के हॉस्पिटल आ जाइए," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "बुखार बढ़ गया क्या?" तर म्हणाला, "आप बस आ जाइए." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहा दिवस शिरीष मला फोनवर "व्हायरल आहे गं ताई, सगळ्या दिल्लीला झालंय" असं सांगत होता, आणि दहा दिवस मी "डॉक्टरकडे जा" म्हणून घसा कोरडा करत होते. आता नक्कीच वाढवून ठेवलं असणार... मेट्रोत बसल्यापासून नोएडा येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला झापत होते. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, सगळं ठरवलं होतं. हॉस्पिटलच्या दारात रामफल उभा होता. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मग उठेचना. तेव्हा मला कळलं. ठरवलेलं सगळं बोलणं तसंच राहून गेलं, आणि गेले सहा आठवडे ते माझ्या घशाशी आहे.

गोल्फ म्हटलं की वाचक मंडळी पान उलटणार हे मला माहीत आहे. मीही उलटलं असतं. आमचे नाना केंद्र सरकारात साधे असिस्टंट, आणि आम्हाला मिळालेल्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीपलीकडे गोल्फचं मैदान होतं, एवढाच आमचा त्या खेळाशी संबंध. पांढरे चेंडू परसात येऊन पडायचे. एकदा तर आईच्या पापडांवर पडला. शिरीष ते गोळा करून परत द्यायला जायचा आणि एक दिवस तो गेला तो परत आलाच नाही, असं नाना म्हणायचे. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, मी बावीसची. त्याच्या वेण्याफण्या सोडून बाकी सगळं मी केलं. डबा, अभ्यास, गोवर, दहावी. त्याला दहावीत गणितात काठावर मार्क पडले आणि त्याच आठवड्यात त्याने कुठल्याशा ज्युनियर स्पर्धेत कप जिंकला. नाना कपाकडे बघून म्हणाले, "यात काय, चहा प्यायचा?" शिरीषने खरंच दुसऱ्या दिवशी त्यात चहा ओतून नानांपुढे ठेवला. नाना प्यायले. पुढे तो व्यावसायिक झाला, आणि आमच्या नातेवाइकांत "तुमचा शिरीष सध्या काय करतो?" हा प्रश्न पंचवीस वर्षं टिकला.

तो करत काय होता हे मलाही धड ठाऊक नव्हतं. पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फचा आपल्याकडे एक सीझन असतो. आज जयपूर, पुढच्या आठवड्यात चंदीगड, मग अहमदाबाद, कोलकाता. चार दिवसांची एक स्पर्धा, कमीत कमी फटक्यांत जो संपवेल तो वर. पहिल्या दोन दिवसांत जे मागे पडतात ते घरी जातात, उरलेले पुढचे दोन दिवस खेळतात. वर्षाच्या शेवटी सगळ्या स्पर्धांची मिळून एक यादी लागते. त्यात पहिल्या साठांत जो असेल त्याचं पुढच्या सीझनचं कार्ड टिकतं. एकसष्टावा आला तो बाहेर. मग त्याने नव्या पोरांबरोबर पुन्हा पात्रता फेरी खेळायची. शिरीष कधी जिंकला नाही. एकदाही नाही. पण कार्ड त्याने सतत टिकवलं होतं, चाळिसाव्या, पन्नासाव्या, एकदा साठाव्या क्रमांकावर. "मी साठांतला एक आहे ताई," असं तो म्हणायचा, आणि मी म्हणायचे, "साठाव्या नंबराला आपल्याकडे नापास म्हणतात."

मी रिटायर झाले आणि तीन महिन्यांत द्वारकेच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना माझा कंटाळा आला. मला त्यांचा आधीच आला होता. त्याच सुमारास रामफलचा गुडघा गेला. सीझन अर्धा राहिला होता. शिरीष एका रविवारी जेवायला आला, दोन वाट्या आमटी प्यायला आणि म्हणाला, "ताई, ट्रॉली ओढशील का माझी? फक्त ओढायची. आणि बोलायचं नाही." आमचे हे हसून म्हणाले, "दुसरी अट जमायची नाही." नाहीच जमली. पण मी गेले. साठ वर्षांची बाई, पांढरी टोपी, पायात मॉर्निंग वॉकचे बूट, हातात ओला टॉवेल. बाकीचे कॅडी आधी हसले, मग "दीदी, पानी", "दीदी, इधर छाँव है" करायला लागले. शिरीषने मला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढल्यावर वाळू रेकने, म्हणजे दाताळ्याने, सारखी करून यायचं. आणि तो मारण्यासाठी पाय रोवायला लागला की त्याच्या मागे उभं राहायचं नाही. म्हणजे चेंडू आणि लक्ष्य यांची रेघ मागे वाढवली तर त्या रेघेवर नाही. तिथून कॅडीला नेम दिसतो, तो खेळाडूला सांगू शकतो, म्हणून मनाई. "का म्हणून उभी होतीस, हे कोणी विचारत नाही," तो म्हणाला. "कुठल्याही कारणाने नाही. दोन फटक्यांचा दंड." मी म्हटलं, "मला तुझा नेम कळतोय थोडाच!" पहिल्या महिन्यात त्याने निदान शंभर वेळा मला "ताई, बाजूला हो" म्हटलं असेल.

त्या चार महिन्यांत मी माझ्या भावाला पहिल्यांदा कामावर पाहिलं, आणि खरं सांगते, माझा जीव नुसता चडफडत होता. सोपा रस्ता असायचा, हा अवघड निवडायचा. समोर तळं, आणि हा तळ्यावरून मारणार. "बाजूने घे ना रे," मी पुटपुटायचे. "ताई," तो दात आवळून म्हणायचा, "तू सेक्शन ऑफिसर होतीस. फाईल सांभाळ." चेंडू पाण्यात जायचा. मग मी लाडवाचा डबा पुढे करायचे आणि तो खायचा, कारण भांडलो तरी आमच्या घरात खाणं कधी थांबलं नाही. एकदा अहमदाबादला त्याने शेवटच्या होलवर हातभर अंतराचा पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका, चुकवला आणि दोन दिवसांनंतरची गच्छंती ओढवून घेतली. मी त्याच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही. तो मात्र त्या पोरांबरोबर, जी त्याच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान होती, हसत उभा होता. एकाला हाताची पकड दाखवत होता. अरे, तो तुझी जागा खाणार आहे यादीत! हे मी त्याला परतीच्या वाटेवर सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, चुकीची पकड शिकवू?"

ऑक्टोबरपासून तो चढावर थांबायला लागला होता. कधी बुटाची नाडी, कधी चष्म्याची काच. नोव्हेंबरात तर दिल्लीची हवा अशी होती की सगळेच धापा टाकत होते, निम्मे कॅडी मास्क लावून फिरत होते. "हवा खराब आहे ताई," तो म्हणायचा, आणि मी मान डोलावायचे. मूर्ख मी. सीझनची शेवटची स्पर्धा गुडगावकडच्या एका क्लबवर होती. शिरीष यादीत त्रेसष्टावा होता. बऱ्यापैकी खेळला तर साठांत, नाही तर बाहेर, इतकं साधं गणित. पहिल्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर मी टोपी शोधत होते, तर टोपीखाली हॉस्पिटलची फाईल. सरकारी नोकरी केलेली बाई फाईल दिसली की उघडतेच. हृदयाची एक झडप अरुंद झालेली, बदलायला हवी, श्रमाचं काम बंद. तारीख एप्रिलची. म्हणजे अख्खा सीझन...

मी त्याला त्या पार्किंगमध्ये जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो गाडीला टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, "झालं? चार दिवस राहिलेत ताई. फक्त चार."

"आणि चार दिवसांत मेलास तर?"

"तर कार्डाचा प्रश्नच मिटला."

मी त्याच्या पाठीत खरोखर धपाटा घातला. चौथीत असताना घालायचे तसा. पण... त्याला ओढून घरी नेलं नाही. हे मला कबूल करायला हवं. मी अट घातली, सोमवारी सकाळी भरती व्हायचं, आणि तोपर्यंत मी कोणाला काही सांगणार नाही. त्याने माझ्या हातावर हात मारला. मी का ऐकलं? कारण चार महिने ती ट्रॉली ओढल्यावर मलाही ते कार्ड हवं झालं होतं. त्याच्याइतकंच. आयुष्यभर ज्याला नापास म्हटलं त्याने पास व्हावं असं मला वाटत होतं, आणि त्यासाठी मी चार दिवस डोळे मिटून घ्यायला तयार झाले.

तीन दिवस तो असा खेळला की मी गप्प राहिले. रविवारी, शेवटच्या दिवशी, अठरापैकी पंधरा होल झाल्यावर तो साठांच्या आत होता. सोळाव्या होलच्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या सपाट जागेवर, त्याने चेंडूखालची टी, ती छोटी खुंटी, जमिनीत खोचायला कंबरेत वाकून हात खाली नेला आणि सरळ होताना तो हलला. झाड हलतं तसा नाही, माणूस गाडीतून उतरताना तोल जातो तसा. काठीवर भार टाकून त्याने डोळे मिटले. ओठ पांढरे. बरोबरचा खेळाडू, पंचविशीतला एक सरदार मुलगा, दुसरीकडे वाऱ्याचा अंदाज घेत होता, त्याला काही दिसलं नाही. मी ट्रॉली सोडली आणि शिरीषच्या मागे, नेमक्या त्या रेघेवर, जाऊन उभी राहिले. पडला तर डोकं दगडी कडेवर आपटेल, एवढंच डोक्यात होतं. नियम आठवत होता का? होता. बिल्कुल आठवत होता. मी तरी उभी राहिले. त्याने पाय रोवले, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मला वाटलं आता म्हणेल, "ताई, बाजूला हो." काही म्हणाला नाही. पुढे वळला आणि मारलं. चेंडू सरळ, उंच, मधोमध गेला. चार महिन्यांत तसा फटका मी पाहिला नव्हता.

चेंडूपाशी पोहोचल्यावर त्याने हात वर करून रेफरीला बोलावलं. स्वतःच. "मैंने शॉट मारा तब मेरी कॅडी पीछे खड़ी थी," म्हणाला. रेफरी वयस्क गृहस्थ होते, शिरीषला ओळखणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश विचारलं, "मॅडम, आपको पता था कि ये स्टान्स ले रहे हैं? या आपका ध्यान कहीं और था? बॅग में, टॉवेल में? ध्यान न हो तो पेनल्टी नहीं बनती." म्हणजे दार उघडून ते बाजूला उभे राहिले होते. मला फक्त "ध्यान नव्हतं" एवढंच म्हणायचं होतं. सरदार मुलगा आकाशाकडे बघत होता. त्यालाही मी तेच म्हणावं असं वाटत होतं, हे कळत होतं. मी शिरीषकडे पाहिलं. तो चेंडूकडे बघत म्हणाला, "जे आहे ते सांग ताई." मी म्हटलं, "पता था." रेफरींनी पुन्हा विचारलं, "तो फिर क्यों खड़ी थीं?" कारण सांगितलं असतं तर त्याला तिथल्या तिथे ॲम्ब्युलन्समध्ये घातलं असतं, आणि मी शब्द दिला होता. "बस, यूँ ही," मी म्हटलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जे आलं ते मी विसरणार नाही. शिकली-सवरलेली बाई आणि भावाचं वर्ष यूँ ही घालवते!

दोन फटके. उरलेल्या होलवर तो न चुकता खेळला, पण एका फटक्याने मागे राहिला. यादीत एकसष्टावा. स्कोअरकार्डवर सही करून तो रेफरींच्या तंबूतून बाहेर आला, टोपी काढून सगळ्यांशी हात मिळवले, रेफरींशीसुद्धा. गाडीत बसल्यावर म्हणाला, "भूक लागलीये. छोले खाऊया?" मला ओरडायचं होतं, रडायचं होतं, आणि हा छोल्यांचं विचारतो! सोमवारी सकाळी सात वाजता ठरल्याप्रमाणे तो हॉस्पिटलच्या काउंटरवर बॅग घेऊन हजर होता.

झडप बदलली. त्यानंतर तो दोन वर्षं जगला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक सीझन खेळला असता तर मैदानावरच गेला असता. म्हणजे माझ्या त्या दोन शब्दांनी त्याचं कार्ड घालवलं की त्याला दोन वर्षं मिळवून दिली, हा हिशेब मला आजही लागत नाही. पात्रता फेरी तो दोनदा खेळला, दोनदा राहिला. नोएडात एका सरावाच्या मैदानावर शिकवायला लागला. रिटायर्ड साहेब, पुण्याहून बदली होऊन आलेली आयटीतली मंडळी. रामफललाही त्याने तिथे काउंटरवर लावून घेतलं. कोणी विचारलं, "सर, कार्ड कैसे गया?" तर म्हणायचा, "सोळाव्यावर दोन गेले." बस. मी एकदा सगळा धीर गोळा करून विचारलं, "शिरीष, मी त्या दिवशी ध्यान नव्हतं म्हटलं असतं तर?" तो म्हणाला, "चहा घे, निवतोय." मी पुन्हा विचारलं. तो उठून बिस्किटं आणायला गेला. असा मनुष्य! भांडला असता तर बरं झालं असतं. "ताई, तू वाट लावलीस" असं एकदा, एकदाच म्हणाला असता तर मी चार दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते. आणि मग तो ताप, तो "व्हायरल", पुन्हा तीच लपवाछपवी. कृत्रिम झडप असलेल्या माणसाने ताप अंगावर काढायचा नसतो, संसर्ग थेट झडपेपर्यंत जातो, हे त्याला डिस्चार्जच्या दिवशी माझ्यासमोर तीन वेळा सांगितलं होतं.

परवा मी त्याची खोली रिकामी करायला गेले. चौथा मजला, एक पलंग, एक टेबल, भिंतीला उभी केलेली गोल्फची बॅग. रामफल खोकी बांधत होता. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात नियमांचं छोटं पुस्तक सापडलं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. ज्या नियमाने आम्हाला खाल्लं त्याचं तोंड तरी बघू, म्हणून मी ते पान काढलं. खूण नव्हती, रेघ नव्हती, बाकीच्या पानांसारखंच पान. कॅडीने जाणूनबुजून मागे उभं राहायचं नाही, कुठल्याही कारणाने नाही, दंड दोन फटके. आणि त्याच्याच खाली, दोन ओळींत: खेळाडू मारण्याआधी मागे सरला आणि कॅडी बाजूला होईपर्यंत पुन्हा उभा राहिला नाही, तर दंड नाही.

मी ते तीनदा वाचलं. मग रामफलला विचारलं, हे शिरीषला ठाऊक होतं का. रामफलला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "ये तो सबको पता है दीदी. एक कदम पीछे, बात खतम."

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं होतं. मी मागे आहे हे त्याला माहीत होतं. एक पाऊल मागे घ्यायचं, "ताई, बाजूला हो" म्हणायचं, शंभर वेळा म्हटलं होतं तसं एकशे एकाव्या वेळी... आणि त्याने मारलं. चक्कर येत होती म्हणून सुचलं नाही? की पडलो तर धरायला कोणी आहे, हे बघून घेतलं आणि मग बेधडक काठी फिरवली? दुसरं उत्तर मला फार हवंसं आहे, म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही. आणि खरं काय ते सांगू शकणारा एकच माणूस होता, ज्याला मी दोन वर्षं चुकीचा प्रश्न विचारत राहिले.

रामफलने बॅग उचलायला हात पुढे केला. मी म्हटलं, "रहने दो." लिफ्ट बंद होती. जन्मात ती बॅग मी खांद्यावर घेतली नव्हती, नेहमी ट्रॉलीवरून ओढली. चार मजले मी ती खांद्यावर घेऊन उतरले, पायरीपायरीला थांबत, धापा टाकत, आणि मोठ्याने त्याला शिव्या देत. खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघायला लागल्या. बघू देत. एक पाऊल मागे सरायचं होतंस ना रे गाढवा. एकच पाऊल. मी झाले असते की बाजूला.